‘मिनी’ रॉथशिल्डियानम लहानच राहील का?

ठाण्याच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांनी ‘मिनी रॉथशिल्डियानम’ अशी चिठ्ठी लावलेलं स्लिपर ऑर्किड (ज्याच्या फुलाची खालची पाकळी चपलेच्या टोकासारखी थैली होते) विकत घेतलं. चार इंची कुंडी, पाच पानं, आणि या टोकाच्या पानापासून त्या टोकाच्या पानापर्यंत जेमतेम एक वीत. त्यांच्या खिडकीची ग्रिल दीड फूट खोल आहे आणि दोन फळ्यांमधे सव्वा फूट उंची मिळते. रोप असंच लहान राहील का? आणि राहणार नसेल, तर मोठ्या स्लिपर ऑर्किडचा थाट एवढ्याशा जागेत कोण देईल?

पहिल्या भागाचं उत्तर आधी देते. बहुधा राहणार नाही. वर्णनावरून तुमचं रोप दोन-तीन वर्षांचं पोर वाटतंय. पॅफिओपेडिलम, थोडक्यात पॅफ, हा स्लिपर ऑर्किडचा आशियातला गट, आणि त्यातलं रॉथशिल्डियानम, थोडक्यात रॉथ, हे बोर्निओतल्या किनाबालू पर्वताच्या उतारांवरचं झाड. पूर्ण वाढलेल्या झाडाचं एकेक पान ४० ते ६० सेंमी लांब होतं आणि पानांचा पसारा सहज मीटरभर जातो. फुलदांडा दीड-दोन फूट, त्यावर एकाच वेळी उमललेली तीन-चार फुलं, आणि प्रत्येक फुलाच्या आडव्या पाकळ्यांच्या टोकांमधलं अंतर ३० सेंमीच्या घरात. बियांपासून फुलापर्यंत आठ-दहा वर्षं सहज जातात, कधी जास्तही. या प्रवासातली पहिली काही वर्षं प्रत्येक रॉथ ‘मिनी’च असतं. विकणाऱ्याने फसवायच्या हेतूने तसं लिहिलं असेलच असं नाही. लहान कुंडीतल्या कुठल्याही झाडाला मिनी म्हणायची आपल्या बाजारात पद्धतच आहे.

तरी नुसत्या वर्णनावर अवलंबून राहू नका, घरीच तपासता येतं. स्लिपर ऑर्किडला डेंड्रोबियम ऑर्किडसारखे फुगीर कंद नसतात. पानांचा एक पंखा वाढतो, त्याच्या मधून एकदाच फुलदांडा येतो, आणि मग बुडाशी नवा कोंब फुटून दुसरा पंखा तयार होतो. त्यामुळे झाडाचा इतिहास त्याच्या अंगावर दिसतो. सगळ्यात जुनं पान आणि सगळ्यात नवं, पूर्ण उघडलेलं पान यांची लांबी-रुंदी मोजा. नवं पान मागच्यापेक्षा लांब आणि मुख्य म्हणजे रुंद असेल, तर झाड अजून वाढीच्या वयात आहे. दोन-तीन पंखे असतील आणि शेवटचे दोन पंखे सारख्याच मापाचे असतील, तर झाडाने आपलं माप गाठलंय. पंख्याच्या मधोमध जुन्या फुलदांड्याचं वाळकं खोड दिसलं, तर याच मापावर ते एकदा फुललंय हे नक्की. एकच पंखा, जुना दांडा नाही, आणि प्रत्येक पान मागच्यापेक्षा मोठं असेल, तर त्या झाडाच्या अंतिम मापाबद्दल आज कोणालाच काही ठामपणे सांगता येणार नाही.

माझ्या मते तुमच्या प्रश्नातला खरा अडकलेला मुद्दा इथेच आहे. ‘लहान’ हे रोपाचं आजचं माप आहे की कायमचं, हे चिठ्ठीवरून कळत नाही, आणि लहान दिसण्याची कारणं निरनिराळी असतात. वय हे एक कारण झालं. दुसरं कारण म्हणजे हाल. मुळं सडलेली, माध्यम (कुंडीत मातीऐवजी भरलेली साल वगैरे) कुजलेलं, खत नाही, असं झाड वर्षानुवर्षं आखडून बसतं. नव्या माध्यमात नवी मुळं धरली की दोन वर्षांत त्याचं ‘मिनी’पण संपतं. उजेडानेही फरक पडतो. एकाच झाडाचे दोन भाग करून एक सावलीत आणि एक भरपूर गाळलेल्या उजेडात ठेवलेलं मी अनेकदा पाहिलंय. सावलीतल्याची पानं लांब, लोंबती आणि गडद हिरवी होतात. उजेडातल्याची आखूड, ताठ आणि जरा पोपटी राहतात. फरक डोळ्यांना दिसण्याइतका असतो, पण मीटरभराचं झाड त्याने वीतभर होत नाही.

उरतात ती दोन कारणं, ज्यांवर खरोखर भरवसा ठेवता येतो. एक, त्या जातीतलाच जन्मजात ठेंगणा प्रकार. दोन, मोठ्या जातीचा लहान जातीशी केलेला संकर.

ठेंगण्या प्रकारांबद्दल बोलताना एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण फॅलेनॉप्सिसची (दुकानात सर्रास मिळणाऱ्या मॉथ ऑर्किडची) सवय असलेल्यांना ती लक्षात येत नाही. फॅलेनॉप्सिसचं चांगलं झाड सापडलं की ऊतिसंवर्धनाने (टिश्यू कल्चरने) त्याच्या हजारो हुबेहूब प्रती निघतात. म्हणून दुकानातली ‘मिनी फॅल’ खरोखर मिनी असतात. पॅफिओपेडिलममध्ये व्यापारी पातळीवर हे अजून फारसं जमलेलं नाही. प्रयोगशाळेतून फ्लास्कमध्ये येणारी पॅफची रोपं जवळपास सगळी बियांची असतात, म्हणजे एकाच शेंगेतली भावंडं. एखादं ठेंगणं झाड हुबेहूब मिळवायचा मार्ग एकच, त्या झाडाची फूट, म्हणजे मुळांसकट पंखा, वेगळी काढून लावणं. रॉथसारख्या झाडाला वेगळं काढण्याजोगे तीन-चार पंखे यायला कितीतरी वर्षं लागतात. म्हणून बियांच्या रोपावर ‘कॉम्पॅक्ट’ लिहिलेलं दिसलं, तर त्याचा अर्थ ‘आईबाप ठेंगणे होते’ एवढाच घ्यायचा. भावंडांत काही ठेंगणी निघतील, काही आजोबांवर जातील.

रॉथमध्ये पिढ्यान्पिढ्या निवड करून लवकर फुलणाऱ्या, जरा आटोपशीर झाडांच्या ओळी तयार झाल्या आहेत. त्याचा फायदा होतो, पण आटोपशीर म्हणजे मीटरऐवजी दोन-अडीच फूट. तुमच्या ग्रिलला तेही मोठंच. फुलावर आलेलं, एक वीत पसाऱ्याचं खरं मिनी रॉथ मी आजवर पाहिलेलं नाही.

याला कारणही आहे. कंद नसल्यामुळे स्लिपर ऑर्किडची सगळी शिदोरी पानांत असते. ३० सेंमी रुंदीची तीन-चार फुलं दीड-दोन महिने धरून ठेवायची, तर तेवढं पान लागतं. झाड अर्धं केलं की फुलांची संख्या आधी कमी होते, मग आकार. लहान कुंडीत कोंबून किंवा खत तोडून झाड लहान ठेवता येईल का, असं बरेच जण विचारतात. झाड लहान राहील, पण फुलणार नाही, आणि एखाद्या उन्हाळ्यात जाईल. बोन्सायचं तंत्र इथे लागू होत नाही. छाटून नवी फांदी फोडावी असं या झाडात काही नसतंच.

आता तुमच्या जागेचा विचार. हे सारं हवेवर अवलंबून आहे, म्हणून माझी जागा सांगते. मी पुण्यात वाढवते आणि माझ्याकडून गेलेली बरीच झाडं मुंबई-ठाण्याच्या गॅलऱ्यांत आहेत. त्यामुळे दोन्हीकडे काय टिकतं आणि काय नुसतं पानं काढत बसतं, याचा अंदाज आलाय. पुण्यात हिवाळ्याच्या रात्री तापमान १०-१२ अंशांपर्यंत उतरतं, पण एप्रिल-मेच्या कोरड्या झळा असतात. ठाण्यात दमटपणा फुकट मिळतो, पण थंडी अशी मिळतच नाही. लहान स्लिपर ऑर्किडच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा, कारण सगळ्यात देखणे छोटे प्रकार नेमके थंडी मागणारे आहेत.

उत्तर व्हिएतनाममधलं पॅफ. हेलेनी १९९६ मध्ये नोंदवलं गेलं. झाड हाताच्या पंजाएवढं, आणि त्यावर पाच-सहा सेंमीचं सोनेरी पिवळं फूल. पॅफ. हेन्रियानम, १९८७ मधलं, हिरवट ठिपक्यांच्या मागच्या पाकळीचं आणि गुलाबी थैलीचं. चीनमधलं बार्बिगेरम, ब्रह्मदेशातलं चार्ल्सवर्थी, ज्याची मागची पाकळी गुलाबी परडीसारखी पसरते. ही सगळी चुनखडीच्या डोंगरांवरची, हिवाळ्यात गारवा मागणारी. आज जगभर ‘टीकप’ म्हणून जी गोंडस स्लिपर ऑर्किड मिळतात, त्यांच्यात यांचंच रक्त आहे.

ही गोष्ट जरा विस्ताराने सांगावीशी वाटते, कारण तिची मुळं आपल्याच देशात आहेत. गोल, जाड पाकळ्यांची, थाळीएवढ्या फुलांची जी इंग्रजी पद्धतीची संकरित पॅफ असतात, ज्यांना ‘बुलडॉग’ म्हणतात, त्यांचे पूर्वज म्हणजे मेघालयातलं इन्सिग्ने, आसाम-मिझोराम भागातलं स्पायसेरियानम आणि ईशान्येपासून ब्रह्मदेशापर्यंत पसरलेलं व्हिलोसम. इन्सिग्ने आणि स्पायसेरियानम यांचा ‘लीयानम’ हा संकर १८८४ चा. मुळात ही मध्यम आकाराची झाडं. पुढे गुणसूत्रांचे जादा संच असलेली झाडं निवडली गेली. इन्सिग्नेचं ‘हेअरफील्ड हॉल’ हे अशाच तिप्पट संचाच्या झाडाचं प्रसिद्ध उदाहरण. त्यांच्यातून झाडही वाढलं आणि फूलही वाढलं. शंभरेक वर्षांनी संकर करणाऱ्यांना उलट्या दिशेने जावंसं वाटलं. बुलडॉगला हेलेनी, हेन्रियानम किंवा चार्ल्सवर्थी लावून गोल, भरदार फूल आठ-दहा इंची झाडावर आणायचं. ते जमलंही. पसारा बऱ्यापैकी कमी होतो आणि फूल त्या मानाने मोठं राहतं, कारण मोठ्या आईबापाचा गोलपणा आणि जाडी बऱ्याच अंशी उतरते. फुलदांडा मात्र कधीकधी इतका आखूड होतो की फूल पानांतच बसतं. अशा झाडाला कळी दिसल्यापासून कुंडीची दिशा बदलायची नाही, म्हणजे दांडा सरळ उजेडाकडे चढतो.

पुणे, नाशिक, सातारा, महाबळेश्वर, पाचगणी इथल्या कोणी हा प्रश्न विचारला असता, तर मी डोळे मिटून टीकप संकर सुचवले असते. ठाण्यात ते जगतील, नवे कोंबही काढतील. फुलं मात्र एखाद्या चांगल्या थंडीच्या वर्षी आली तर येतील. एसीच्या खोलीत रात्री ठेवून जमवणारे लोक आहेत. पण रोज उचलाउचल करायला लावणारं झाड खिडकीसाठी सुचवणं मला बरोबर वाटत नाही.

ठाण्यासाठी, आणि मुंबई, रायगड, रत्नागिरी, गोव्यासाठीही, समुद्रसपाटीजवळची जात शोधायची. बहुपुष्पी, लांब पाकळ्यांच्या रॉथच्या नात्यातलंच पॅफ. फिलिपिनेन्स हे फिलिपिन्सच्या किनाऱ्यालगतच्या चुनखडीच्या खडकांवर, अगदी समुद्रापासून वाढतं. उष्मा आणि दमट वारा त्याच्या अंगवळणी पडलाय. या जातीत आकाराचा फरक प्रचंड आहे. काही झाडं रॉथला टक्कर देतील अशी असतात, काही फुटा-सव्वाफुटाच्या पसाऱ्यावरच तीन फुलं काढतात. पाकळ्या पिळदार, तांबूस, खाली लोंबणाऱ्या. मागच्या पाकळीवर रॉथसारख्याच गडद उभ्या रेघा. रॉथचा थाट लहान जागेत हवा असेल, तर माझं उत्तर हेच. पण ते फुललेलं पाहून घ्यायचं, किंवा फुललेल्या ठेंगण्या झाडाची फूट मागायची. रोपवाटिकेने ‘आई ठेंगणी आहे’ एवढंच सांगितलं तर तिच्या पानांचा पसारा सेंमीत विचारा. जो माणूस मोजून सांगतो, त्याच्याकडून घ्या.

रॉथ आणि फिलिपिनेन्सचा ‘सेंट स्विदिन’ हा संकर १९०० पासून आहे आणि फार सुंदर आहे. तो रॉथपेक्षा लवकर फुलतो, उकाडाही सोसतो. पण दीड फुटाच्या ग्रिलमध्ये तो मावत नाही. ‘रॉथपेक्षा लहान’ हे वाक्य ऐकून भुलू नका.

रॉथचे लहान जातींशी केलेले संकर वेगळ्या वाटेने जातात. डेलेनाटीशी केलेला ‘डेलरोसी’ १९६१ चा, मायक्रॅन्थमशी केलेला ‘ग्लोरिया नॉगल’ १९९३ चा. पसारा रॉथच्या निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. फुलं एक ते तीन, गोलसर, आणि त्यांवर रॉथच्या रेघा गुलाबी पार्श्वभूमीवर उमटतात. ग्लोरिया नॉगलची फुगीर थैली तर बघत राहावी अशी. आकाराच्या हिशोबाने हे तुम्हाला चालतील. वाढीचा वेग मात्र रॉथकडून येतो, म्हणजे सावकाश. फुलावर आलेलं झाड परवडत असेल तरच घ्या. हाताएवढं रोप घेतलं तर वाट पाहायची तयारी हवी.

झाडाच्या मानाने फूल किती मोठं, हा निकष लावला तर चीन-व्हिएतनाममधलं मायक्रॅन्थम पहिलं येतं. वीतभर झाडावर मोठ्या लिंबापेक्षाही मोठी गुलाबी थैली. पण त्यालाही थंडी हवी. त्याच्याच गटातलं डेलेनाटी बरंच सोशिक आहे. फिकट गुलाबी फूल, खाली जांभळे ठिपके असलेली चितकबरी पानं. व्हिएतनाममधून आणलेल्या या जातीची लागवडीतली झाडं कित्येक दशकं फ्रान्समध्ये टिकलेल्या एकाच रोपाच्या स्वपरागणातून आलेली होती. १९९० च्या दशकात ती जंगलात पुन्हा सापडली तेव्हा कुठे नवं रक्त मिळालं. डेलेनाटी आणि सुमात्राच्या प्रिमुलिनमचा संकर म्हणजे ‘देपेर्ल’, १९८० चा. पांढुरकं, पिवळसर झाक असलेलं फूल, आठ-दहा इंची झाड, आणि उकाड्यात न कुरकुरणारं. त्याच प्रिमुलिनमचा ग्लॉकोफिलमशी झालेला संकर ‘पिनोकिओ’, १९७७ चा. एकाच दांड्यावर एकामागून एक फुलं काढत तो महिनोन्‌महिने चालतो. आपल्याकडे तो मिळतोही सहज. ज्यांनी कधीच स्लिपर ऑर्किड वाढवलं नाही, त्यांच्या हातात मी पहिलं झाड पिनोकिओच देते. एक सूचना: दांडा वाळला असं वाटेपर्यंत कापू नका, टोकाशी पुढची कळी लपलेली असते.

पांढरं फूल आवडत असेल तर निव्हियम. मलाय द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावरच्या चुनखडीचं हे झाड, चितकबरी पानं, पसारा नऊ-दहा इंच. त्याच्याहूनही छोटं थायानम २००६ मध्ये नोंदवलं गेलं. दोन्ही उष्ण हवेची आहेत. पण यांच्या पंख्याच्या मध्यावर पाणी साचलं की बुडापासून सडतात. पावसाळ्यात ग्रिलवर थेट सर येत असेल तर वर पारदर्शक पत्रा हवाच. या दोघांना आणि फिलिपिनेन्सला मी माध्यमात शिंपल्यांचा चुरा मिसळते. कोकणात शिंपले मुबलक आहेत, पण आठवडाभर गोड्या पाण्यात, पाणी बदलत भिजवून मीठ पूर्ण काढायचं.

‘मॉडी’ प्रकारची चितकबऱ्या पानांची पॅफ तुम्हाला बाजारात सगळ्यात जास्त दिसतील. कॅलोसम आणि लॉरेन्सियानम यांचा हा संकरही १९०० चा. पसारा फूटभर, उकाडा सोसतो, दरवर्षी फुलतो. अडचण उंचीची. फुलदांडा फुटापेक्षा वर जातो आणि तुमच्या दोन फळ्यांमधे कुंडी धरून सव्वा फूटच आहे. असं झाड वरच्या फळीवर ठेवा. घेताना पसारा, दांड्याची उंची आणि कुंडीचं माप हे तिन्ही वेगवेगळं विचारायला हवं. ‘कॉम्पॅक्ट’ म्हणणारा बहुतेक वेळा फक्त पसाऱ्याबद्दल बोलत असतो.

फ्रॅग्मिपेडियम या दक्षिण अमेरिकेतल्या स्लिपर ऑर्किडच्या गटाबद्दल थोडक्यात सांगते. तिथेही कॉडॅटमसारखी हात-दीड हात लांब पाकळ्यांची मोठी झाडं आहेत आणि छोटीही. लाल बेसी आणि गुलाबी श्लिमी यांचा ‘हाने पोपोव’ हा संकर देखणा आणि आटोपशीर आहे, पण उकाड्यात त्याचे हाल होतात. नदीकाठचं पिअर्सी गवतासारख्या पानांचं, उकाडा बऱ्यापैकी सोसणारं. यांना बुडाशी थोडं पाणी आणि कमी क्षार लागतात. मुंबईला तलावाचं मऊ पाणी मिळतं, तुमच्याकडेही तसंच असेल तर करून बघा. बोअरवेलच्या पाण्यावर पानांची टोकं काळी पडतात.

खरेदीबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. ‘ईशान्येकडची वन्य, बुटकी स्लिपर ऑर्किड’ म्हणून गठ्ठ्यांनी झाडं विकणाऱ्या जाहिराती फिरत असतात. फोटोत मुळांना शेवाळ, पानांवर किड्यांच्या खुणा आणि कुंडी नाही, असं दिसलं तर ती जंगलातून उपटलेली आहेत असं धरा. पॅफिओपेडिलमच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटीस कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, आणि आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही त्यांना संरक्षण दिलंय. सह्याद्रीत, महाराष्ट्र-गोव्याच्या जंगलांत, स्लिपर ऑर्किड नाहीच. दक्षिण भारतातलं एकमेव म्हणजे अगस्त्यमलईचं पॅफ. ड्रुरी, आणि ते लोकांनी उपटून नेऊन नेऊन जवळजवळ संपवलं. कडक उन्हात, खडकाच्या फटीत वाढलेलं वन्य झाड बुटकं दिसतं ते परिस्थितीमुळे. तुमच्या गॅलरीत ते एक तर मोठं होईल, नाही तर मरेल. म्हणजे ज्यासाठी घेतलं तेही मिळणार नाही. कृत्रिमरीत्या वाढवलेलं आहे याची कागदावरची खात्री मागा.

शेवटी तुमच्या त्या रोपाचं काय करायचं. टाकू नका, आणि परतही करू नका. रॉथच असेल तर पुढची चार-पाच वर्षं ते तुमच्या ग्रिलमध्ये आरामात राहील. बुडाशी हलतंय का बघा. हलत असेल तर मुळं कमी आहेत. पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये कुंडी बदला: पाइनची साल, थोडा कोळसा, थोडं पर्लाइट, आणि कुंडी मुळांच्या मापाचीच. नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरत असाल तर आधी दोन-तीनदा भिजवून तांबडं पाणी काढून टाका. सकाळचं कोवळं ऊन चालेल, अकरानंतर जाळी हवी. प्रत्येक नव्या पानाची लांबी-रुंदी कुंडीच्या काठावर पेन्सिलने लिहून ठेवा. पसारा दीड फुटाच्या पुढे गेला की टेरेस किंवा अंगण असलेल्या कोणाशी बोला. फुटा-सव्वाफुटाच्या फुललेल्या फिलिपिनेन्सच्या बदल्यात तरुण, निरोगी रॉथ घ्यायला ऑर्किडवाले लोक आनंदाने तयार होतात.